माझा अर्ज मीच नामंजूर केला



दिवाळी संपली की आपल्या बडोद्यात दोन गोष्टी सुरू होतात. कपाटातून स्वेटर बाहेर निघतात आणि मॅरेथॉनचे फॉर्म भरायला लोक एकमेकांच्या मागे लागतात. "काका, फॉर्म भरला का?" असं मला आतापर्यंत अकरा जणांनी विचारलंय. कमाटीबागेत विचारतात, भाजी घेताना खंडेराव मार्केटमध्ये विचारतात, परवा तर एका लग्नात पंगतीत वाढता वाढता एकाने विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी यंदा फॉर्म भरलेला नाही. पण "वय झालं" म्हणून नाही आणि मुलांनी हट्ट धरला म्हणूनही नाही. माझं वय ७४. या वयात शर्यतीत उतरावं की नाही, हे ठरवण्याची आपली पद्धतच चुकीची आहे, असं माझं आता मत झालंय. ते कसं झालं, तेच सांगायचंय.

आधी थोडं मागचं. आपल्या बडोद्याला व्यायामाचं वेड जुनं. सयाजीरावमहाराजांच्या काळापासून आखाडे, तालमी, मल्लखांब इथे रुजलेले. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्रो. माणिकराव ही नावं आपल्या आजोबांच्या तोंडात देवाच्या नावासारखी असायची. मीही लहानपणी आमच्या गल्लीजवळच्या एका छोट्या तालमीत जायचो. तिथले वस्ताद फार बोलायचे नाहीत, पण त्यांचा एक नियम पक्का होता. दम संपला तर जमिनीवर हात मारायचा आणि बाजूला बसायचं, कोणी हसणार नाही. मात्र न सांगता पडलास, तर आठ दिवस आखाड्यात पाय ठेवायचा नाही. त्या वेळी मला हा नियम उलटा वाटायचा. शेवटपर्यंत झुंजणाऱ्याला शिक्षा आणि हात मारणाऱ्याला काहीच नाही, हे कसं?

पुढे तालीम सुटली. १९७२ साली बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो आणि ३८ वर्षं खुर्चीत बसून काढली. २०११ मध्ये निवृत्त झालो तेव्हा पोट पुढे आलेलं आणि रक्तातली साखर काठावर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कमाटीबागेत चालायला लागलो. चालता चालता वयाच्या पासष्टीत हळूहळू पळायला लागलो. म्युझियमपासून बँडस्टँडपर्यंत पळायचं, मग धापा टाकत चालायचं, अशी सुरुवात. पुढे १० किलोमीटर झाले, मग तीन हाफ मॅरेथॉन, म्हणजे प्रत्येकी २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर. दोन कोविडच्या आधी, एक नंतर. तिन्हीची पदकं दिवाणखान्यात टांगलेली आहेत. त्यांचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

चौथी हाफ गेल्या हिवाळ्यात धरली. नवलखी मैदानावर पहाटे थंडी होती, ढोल वाजत होते, सगळं नेहमीसारखं. १५व्या किलोमीटरच्या पाटीजवळ छातीत काहीतरी वेगळं झालं. दुखलं नाही. पारवा हातात धरल्यावर फडफडतो तसं वाटलं. ठोके आपल्या लयीत नाहीत, हे मला स्वतःला कळत होतं. मनात आलं, थांबावं. पण समोर वळणावर आपल्या मंडळातली चार तरुण पोरं फोन घेऊन उभी होती आणि "काका, काका" असं ओरडत होती. मी हात वर केला, हसलो आणि पुढे गेलो. १६व्याला फडफड वाढली. "आता पाचच राहिले" असं म्हणून मी पुढे गेलो. १७व्या पाटीच्या पुढे पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याच्या दुभाजकावर बसलो. तिथल्या स्वयंसेवकांनी लगेच अँब्युलन्स बोलावली. त्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही.

निदान झालं एट्रियल फिब्रिलेशनचं. सोप्या भाषेत, हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी अनियमित चालते. म्हातारपणी हे बऱ्याच जणांना होतं. अशा वेळी हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका असतो. म्हणून मला आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. औषधांनी ठोके पुन्हा लयीत आले. इको, ट्रेडमिल टेस्ट सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, "पळणं बंद करायची गरज नाही. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. घड्याळाच्या मागे लागू नका. पुन्हा तसं वाटलं तर त्याच पावलावर थांबा. आणि पडून डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी सरळ हॉस्पिटलला या." रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणं साधं नसतं, आत रक्तस्राव होऊ शकतो. हजारोंच्या गर्दीत, अर्धवट उजेडात, धक्काबुक्कीत पळताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासाठी निर्णय घेतला नाही. हद्द आखून दिली आणि निर्णय माझ्यावर सोडला. मग घरातल्यांची मतं सुरू झाली.

पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे. कशाला उगाच?" मुलगी टोरोंटोला असते. ती उलट म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरून बसलात तर जास्त आजारी पडाल." सौ. मात्र बरेच दिवस काहीच बोलली नाही. तिचे गुडघे गेलेले. बाथरूमला उठतानाही तिला माझा हात लागतो. मला काही झालं तर घरात तिला उठवायला माणूस नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, आम्ही ते बोलत नाही एवढंच. शेवटी एकदा चहा घेताना म्हणाली, "अहो, तुमच्या पळण्याला माझी ना नाही. तुम्हाला परत फिरता येत नाही, त्याची मला भीती वाटते."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दरम्यान फोनवर प्रेरणादायी मजकुरांचा पाऊस पडतच होता. त्यातली दोन नावं खरी आणि मोठी आहेत. एक फौजा सिंग. वयाच्या ८९व्या वर्षी, २००० साली त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली आणि २०११ मध्ये टोरोंटोला, शंभरीत, पुन्हा ४२ किलोमीटर पूर्ण केले. जन्माचा दाखला नव्हता, म्हणून गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद केली नाही. कागद नसला की काय होतं, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुसरे कॅनडाचे एड व्हिटलॉक. ७३व्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि २०१६ मध्ये, ८५ वर्षांचे असताना, चार तासांच्या आत. घराजवळच्या कब्रस्तानात ते तासन् तास फेऱ्या मारून सराव करायचे. मुलीने हे मला कौतुकाने कळवलं तेव्हा सौ. म्हणाली, "जागा बरी निवडली."

ही माणसं थोरच. पण त्यांच्याकडे बोट दाखवून मला कोणी "तुम्हीही करू शकता" म्हणतं, तेव्हा मला शाखेतले दिवस आठवतात. "साहेब, अमक्याचा कारखाना बघा कसा चालतो, मलाही कर्ज द्या," असं सांगणारे रोज यायचे. दुसऱ्याचा ताळेबंद बघून आपण कर्ज देत नाही. व्हिटलॉक तरुणपणी इंग्लंडमध्ये स्पर्धात्मक पळायचे आणि चाळिशीनंतर पुन्हा पळायला लागले होते. माझी तरुणाई लेजरवर गेली. आणि फौजा सिंगांची एक गोष्ट कुणी पुढे पाठवत नाही. २०१३ मध्ये हाँगकाँगला १० किलोमीटरची शर्यत पूर्ण करून, १०१ वर्षांचे असताना, त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली. चालणं मात्र सोडलं नाही. पुढे बारा वर्षं ते जगले. २०२५च्या जुलैमध्ये आपल्या गावाजवळ रस्त्यात वाहनाची धडक बसून ते गेले. शंभरी ओलांडलेल्या माणसालाही "आता शर्यत पुरे" असं स्वतः ठरवता आलं, हा भाग मला जास्त शिकवून जातो.

भीती दाखवणारेही कमी नाहीत. कुठे कोणी शर्यतीत कोसळलं की बातमी लगेच सगळ्या ग्रुपांवर फिरते. म्हणून आकडा सांगतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये उतरलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा ती संपल्यावर लगेच बंद पडलं, ४२ जण दगावले. साधारण १ लाख ८४ हजारांत एक. म्हणजे पळणं ही आत्महत्या नव्हे, हे नक्की. पण मी कॉमर्सचा माणूस, आकड्याच्या खाली काय लिहिलंय तेही बघतो. त्या ५९ जणांचं सरासरी वय ४२ होतं आणि पळणाऱ्यांत माझ्या वयाचे लोक मुळात थोडे. तो आकडा त्या मोठ्या गर्दीचा आहे. त्यावरून माझ्या हृदयाचा हिशेब निघत नाही.

मग मी माझा हिशेब कशावरून काढला? त्यासाठी एक जुनं प्रकरण सांगतो. नाव सांगणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी पंचमहाल जिल्ह्यातल्या एका गावात शाखा सांभाळत होतो. तिथे शेंगदाण्याच्या तेलाची एक छोटी गिरणी होती. मालक सज्जन, कष्टाळू, व्यवहाराला चोख. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग माल महाग झाला, उधारी अडकली आणि तिसऱ्या वर्षी गिरणी तोट्यात चालली हे त्यालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. त्या वेळी गिरणी विकली असती तर कर्ज फिटून घर वाचलं असतं. पण गावात त्याचं नाव झालेलं. "गिरणी बंद केली" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने बायकोचे दागिने मोडले, जमीन गहाण टाकली. आणि मीही, "आता एवढं केलंच आहे, एक हंगाम अजून" म्हणून मर्यादा वाढवून दिली. दोन वर्षांत गिरणी गेली, जमीन गेली, घरही गेलं. हा दोष माझाही होता आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या अनुभवात थकीत कर्जं नेहमी गरिबीमुळे किंवा लबाडीमुळे होत नाहीत. बरीच या एका गोष्टीमुळे होतात, की चुकतंय हे कळूनही माणसाला मध्येच थांबता येत नाही. आजवर घातलेलं वाया जाईल, लोक काय म्हणतील, या दोन कारणांनी तो आणखी घालतो. गेल्या हिवाळ्यात १५ ते १७ किलोमीटरच्या मध्ये मी नेमकं हेच केलं होतं. त्या दोन किलोमीटरची मला लाज वाटते. ठोके बिघडले यात माझी चूक नव्हती. ते कळूनही पुढे गेलो, ती चूक माझी.

म्हणून माझ्या मते, म्हाताऱ्या माणसाने शर्यतीत उतरावं का, याचा निकाल "मला एवढं अंतर पळता येईल का" यावर लावू नये. सराव असला की अंतर जमतं. विचारायचं ते असं: "मला मध्येच थांबता येईल का? सगळ्यांच्या देखत, नंबर छातीवर असताना, शेवटची कमान दिसत असताना?" ज्याला याचं उत्तर मनापासून "हो" देता येतं, त्याने डॉक्टरांना विचारून खुशाल उतरावं, मग तो ६५चा असो की ८०चा. ज्याला देता येत नाही, त्याने घरी बसावं असं मी म्हणत नाही. त्याने रोज पळावं, पण शर्यतीत उतरू नये.

नुसतं "हो, मी थांबेन" म्हणणं सोपं असतं. कर्ज मागताना "हप्ते भरीन" असं सगळेच म्हणतात. त्याचा पुरावा लागतो. म्हणून मी पावसाळा संपल्यावर स्वतःची परीक्षा घेतली. प्रत्येक रविवारी निघण्यापूर्वी सौ. कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत माझी हद्द लिहायची. कधी "५ किमी", कधी "४० मिनिटं", कधी "काळाघोड्याच्या गेटपर्यंतच". ती हद्द आली की थांबायचं, अंगात कितीही जोर असो. थांबलो तर बरोबरची खूण, नाही तर फुली. आठ रविवार.

सहा खुणा, दोन फुल्या.

पहिली फुली पडली ती एका तरुण मुलामुळे. हद्द ५ किलोमीटरची होती. मी थांबायच्या बेतात असताना तो मागून आला आणि प्रेमाने म्हणाला, "अंकल, चालो चालो, मारी साथे!" मी त्याच्याबरोबर आणखी दीड किलोमीटर गेलो. ही फुली मला समजली. दुसरी मात्र समजली नाही. त्या दिवशी बाजूला कोणी नव्हतं. सकाळ छान होती, विश्वामित्रीवरून गार वारा येत होता, पाय आपोआप चालत होते. गेट आलं, मी ते पाहिलं, आणि पुढे निघून गेलो. कोणी बघत नव्हतं, तरी थांबलो नाही. घरी आल्यावर सौ.ने काही विचारलं नाही, पेन पुढे केलं. फुली मीच मारली.

आठात दोन म्हणजे २५ टक्के. चारातला एक हप्ता बुडवणाऱ्याला मी मॅनेजर असताना नवं कर्ज दिलं नसतं. तेव्हा माझा अर्ज मीच नामंजूर केला. काहींनी सुचवलं, "मग २१ नको, १० भरा, नाही तर ५ भरा." पण माझी पहिली फुली ५ किलोमीटरच्याच दिवशी पडली होती. अंतर कमी केल्याने माझा हा दोष कमी होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका घाबरले. हो, थोडा घाबरलोय. दुभाजकावर बसून आपली नाडी मोजण्याचा अनुभव घेतलेला माणूस थोडा घाबरणारच. आणि असंही म्हणाल, की सारखा थांबण्याचाच विचार केला तर माणूस काहीच करणार नाही, दमल्यावरही पुढे जाणं हीच तर पळण्यातली मजा आहे. हे मला मान्य आहे. पाय भरून येणं, पोटऱ्या दुखणं, कंटाळा येणं यासाठी थांबू नये. वेग कमी करून पुढे जावं, ते मीही केलंय आणि त्यात खरंच आनंद असतो. पण छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अनियमित धडधड, चक्कर, थंड घाम, वेग कमी करूनही न बसणारा दम, ही थकव्याची लक्षणं नव्हेत. तिथे जिद्दीचं काम नसतं. तरुणाला एखादी चूक परवडते. आपल्याकडे तेवढं मार्जिन उरलेलं नसतं.

आता उलट बाजूचं उदाहरण. आमच्या सोसायटीत ६८ वर्षांच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना यंदा १० किलोमीटरमध्ये उतरायचं आहे. त्यांच्या मुलांचा विरोध, म्हणून त्या माझ्याकडे सल्ला मागायला आल्या. बहुतेक त्यांना वाटलं असेल, की हे पडलेले गृहस्थ आपल्यालाही नको म्हणतील. मी त्यांना विचारलं, "बाई, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही अर्ध्यातून किती वेळा परत आलात?" त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "दोनदा. एकदा गुडघा दुखला, एकदा रात्री झोप झाली नव्हती." मी म्हटलं, "फॉर्म भरा." त्यांच्या मुलालाही मी हेच सांगितलं. आईचं वय बघून घाबरण्यापेक्षा आई परत फिरू शकते हे बघून निश्चिंत राहा. त्यांचा तपासणीचा अहवाल चांगला आहे, सराव नियमित आहे, आणि "आज नको" म्हणता येतं. माझ्या हिशेबात हा उत्तम कर्जदार.

ज्यांना उतरायचंच आहे, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून शिकलेल्या काही गोष्टी सांगतो. तब्येत बरी असली तरी फॉर्म भरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा आणि "मी शर्यतीत उतरणार आहे" हे स्पष्ट सांगा. नुसतं "चालायला जातो" असं सांगू नका, मी आधी तेच केलं होतं. ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची चिठ्ठी आणि घरचा फोन नंबर खिशात ठेवा. लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते विचारून घ्या. वय वाढलं की तहान कमी लागते, तेव्हा घोट घोट पाणी घ्या, पण घाबरून लिटरच्या लिटर ढोसूही नका, त्यानेही रक्तातलं मीठ उतरतं. पळण्यापूर्वी दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी घेणारे माझ्या ओळखीत आहेत. ते करू नका, मूत्रपिंडावर ताण येतो आणि शरीर जे सांगतंय ते ऐकू येत नाही. सर्दी, ताप, जुलाब आठवड्याभरात होऊन गेला असेल तर फीचे पैसे गेले असं समजा. आणि कुठे थांबायचं, कोणत्या लक्षणाला थांबायचं, हे आदल्या रात्री घरच्या एका माणसाला सांगून ठेवा. सांगितलेलं मोडताना निदान मनाला टोचतं.

शेवटचं मात्र आपल्या सगळ्यांसाठी आहे आणि ते थोडं कडू लागेल.

गेली काही वर्षं आपण समाज म्हणून म्हाताऱ्या धावकांचं फार कौतुक करतो. गणेशोत्सवात शाल, श्रीफळ, "सत्तरीतले तरुण" म्हणून भाषण, फोटो. मीही ती शाल घेतली आहे आणि घेताना सुखावलो आहे. पण १५व्या किलोमीटरला त्या पोरांनी हाक मारली तेव्हा मला ती शाल आठवली, हे मी आज कबूल करतो. आपण ज्याला "तरुण" म्हणून मिरवतो, त्याला नंतर म्हाताऱ्यासारखं थांबण्याची चोरी होते. त्या पोरांचा काही दोष नाही, त्यांनी प्रेमाने हाक मारली. कौतुक बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी स्टेजवर पदक मिळवणाऱ्याबरोबर, बरं वाटेना म्हणून वेळेवर अर्ध्यातून बाहेर पडणाऱ्या एखाद्याचंही नाव घ्या. त्यालाही एक श्रीफळ द्या. निदान "काका, सोडलंत का?" असं विचारण्याऐवजी "काका, बरं केलंत" एवढं तरी म्हणा.

आणि मुलांना सांगणं, की आईबापांना सरसकट बंदी घालू नका. बंदी घातली की म्हातारा माणूस लपून करतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ देवळात जातो सांगून पळायला जातात. काही झालं तर घरचे त्यांना देवळात शोधतील. त्यापेक्षा बरोबर बसा, हद्द ठरवा, कालनिर्णयवर लिहा. आमच्या घरी हेच भांडणाशिवाय चाललं.

आमच्या वस्तादांचा नियम मला आता, साठ वर्षांनी कळला. हात मारणाऱ्याला ते मोकळं सोडत, कारण तो उद्या पुन्हा येणार होता.

मी पळणं सोडलेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस कमाटीबागेत असतो, हळू, बोलत बोलत. रविवारची परीक्षा चालूच आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत फुली पडली नाही तर अर्जाचा पुन्हा विचार करू. सौ.चं त्याला अनुमोदन आहे, अट एकच, फुली-खूण तीच मारणार. यंदा शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या टेबलावर उभा असेन. मुख्याध्यापिकाबाई आल्या की त्यांना पाणी देईन आणि "कसं वाटतंय?" असं विचारीन. "चला, चला" म्हणणार नाही.

तुमच्या घरी कोणी पळणारं ज्येष्ठ असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. आणि तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा, मी वाचीन.